सावळारामचा घास

सावळाराम पाटकऱ्याला "काय सावळा, कसा हायेस?" असं विचारलं की तो जरा वेळ विचार करायचा आणि म्हणायचा, "हाय असं वाटतंय."

आमच्या काटेवाडीत अशा माणसाला कुणी शहाणा म्हणत नाही. लोक हसायचे. मला तर त्याचा रागच यायचा. वाटेत माणूस भेटला, बरा आहे म्हणाला, की आपण पुढं जायला मोकळे. हा मात्र थांबवून ठेवायचा. काय रं, झोपल्यावर आपुन कुठं जातो? पाटातलं पाणी रोज नवं येतं, मग काल आपुन ज्यात पाय धुतलं तो पाट गेला कुठं? ज्याला घरी जाऊन बैल सोडायचे असतात त्याला असले प्रश्न विचारू नयेत, एवढंही त्याला कळत नसे.

नीरेच्या कालव्याला आम्ही पाट म्हणतो. पाळीप्रमाणे कुणाच्या उसाला, कुणाच्या वांग्याला पाणी सोडायचं, दारं उघडायची, बंद करायची, हे पाटकऱ्याचं काम. गावाबाहेर पाटाच्या कडेला एका खोलीची चौकी होती, तिथं सावळाराम एकटा राहायचा. सगळा गाव त्याच्याकडं जायचा, पण पाण्यासाठी. पाणी सुटलं की माणसं आपापल्या बांधावर, आणि हा आपला चौकीच्या दारात. सणासुदीला कुणाच्या घरी बोलवावं तर ते कुणाच्या ध्यानात येत नसे. पाट जसा तिथं होता तसा हा होता.

मुळात तो असा नव्हता म्हणे. सन अठराच्या मानमोडीच्या तापात त्याची बायको गेली, पाठोपाठ रांगती पोरगी गेली. गावंच्या गावं आडवी झाली होती, कुणी कुणासाठी रडायचं? त्याच्यासाठी रडायला कुणी आलं नाही आणि तोही कुणाकडं गेला नाही. ताप ओसरल्यावर त्यानं पाटावर नोकरी धरली, आणि माझ्या अंदाजानं तिथंच त्याला हा विचारांचा नाद लागला. एकट्या माणसाला बोलायला कुणी नसलं की तो देवाशी तरी बोलतो, नाहीतर असले प्रश्न तरी विचारतो.

तर सन बत्तीसचा उन्हाळा. दुपारची वेळ, सावळाराम बाभळीखाली डुलक्या घेत होता. धोंडाबाई, माळव्याची, भाजीपाल्याची पाटी घेऊन बाजाराला जाणारी आमच्या गावची म्हातारी, पाटावरून चालली होती. तिच्या देखत एक कावळा खाली आला आणि सावळारामच्या डोक्यावर बसला. नुसता टेकला नाही, चांगला पाय रोवून बसला.

धोंडाबाईनं पाटी खाली टाकली आणि बोंब ठोकली.

डोक्यावर कावळा बसला म्हणजे मरण जवळ आलं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत. त्यावर उताराही माहीत. त्या माणसाच्या जवळच्या नातलगाला, तो मेला म्हणून खोटा सांगावा धाडायचा. नातलगानं खरं समजून रडायचं. रडून झालं की, जिता आहे, कावळा बसला होता, असं सांगायचं. एकदा रडणं झालं की मरण होऊन गेल्यासारखं, ते परत येत नाही. फक्त रडणं खरं पाहिजे, आधी सांगून रडलेलं चालत नाही.

"भाऊ, सांगावा धाडा," धोंडाबाई म्हणाली.

सावळाराम हसला. "मराण काय कावळ्याच्या पायानं येतंय व्हय?"

"मग कुणाच्या पायानं येतंय? सांगा, रडणारं कोण हाय तुमाला?"

यावर तो हसायचा थांबला. धोंडाबाईनंच मला सांगितलं, की त्याचं तोंड उतरलं ते मरणाचं नाव काढल्यावर नाही, तर तिनं हे विचारल्यावर. मग तो म्हणाला, "बावड्याला थोरली बहीण हाय. प्रयागाक्का. पर ती रडंल असं न्हाय वाटत."

"का?"

"मानमोडीपासनं गेलोच न्हाय मी तिकडं."

भांडण नव्हतं, वाटणीचा तंटा नव्हता. पहिली वर्षं त्याला नांदत्या घरात पाऊल टाकवेना. मग जाऊ की पुढल्या दिवाळीला, असं करत दिवाळ्या गेल्या. मग इतकी वर्षं न गेल्याची लाज वाटायला लागली. लाज अशी असते, की जितकी साठते तितका पाय जड होतो.

गेणू गाडीवान गुळाच्या ढेपा घेऊन इंदापूरच्या बाजाराला निघाला होता. धोंडाबाईनं त्यालाच गाठलं. इंदापुरात गाडी रिकामी कर, तसाच बावड्याला जा, सांगावा दे, बाई रडली की उलटा सांगावा दे आणि ये. गेणू निघाला तेव्हा सावळाराम पाटाच्या पुलावर येऊन उभा राहिला. एरवी कुणाकडं काही न मागणारा माणूस, गाडीच्या जुवावर हात ठेवून म्हणाला, "गेणू, रडली न्हाय तर तसंच सांग. खोटं सांगू नगंस. मला खरं पायजे."

त्या दिवसांत त्यानं दोनदा भलत्याच शेतात पाणी सोडलं. मरायची भीती त्याला नव्हतीच. मेल्यावर एकाही माणसाला काही वाटणार नसेल, तर आपण आत्ता तरी आहोत कशावरून, हे त्याला खात होतं. मला ते त्यानं तोंडानं सांगितलं आणि मी म्हटलं, "भाकरी खातोस न्हवं? मग हायेस." मी काही वाईट बोललो असं मला आजही वाटत नाही. पण त्याचं समाधान झालं नाही.

गेणू परत आला. गाडी सोडली नाही, बैलांना पाणी दाखवलं नाही, थेट चौकीवर गेला. आम्ही दोघं-तिघं होतोच.

"रडली का?" सावळारामनं विचारलं.

"न्हाय," गेणू म्हणाला आणि खाली बसला. "सावळा, तू तितं कवाच मेलायस."

झालं होतं ते असं. मानमोडीत कुणीतरी बावड्याला सांगितलं होतं, की सावळारामचं घर बसलं, कुणी उरलं नाही. प्रयागबाईनं तेव्हाच डोकं आपटून रडून घेतलं होतं. तिचा नवरा, पोरगा अंथरुणाला खिळलेले, येऊन बघणार कोण? तेव्हापासून दर भादव्यात, सर्वपित्री अमावास्येला, ती भावाचा म्हाळ घालत होती. गव्हाची खीर करायची, आणि पातेल्याच्या बुडाची खरवड आधी भावाच्या पानात. लहानपणी दोघं त्या खरवडीवरून भांडायची. मग सून घास घेऊन माळवदावर, घराच्या मातीच्या छतावर जायची. पण सावळारामच्या नावाचा घास कावळ्यानं एकदाही उचलला नव्हता. बाकीच्या पितरांचा उचलायचा, याचा तसाच राहायचा, मग गाईला घालावा लागायचा. म्हातारी हात जोडून विचारायची, का रं रुसलायस, काय ऱ्हायलंय तुजं?

"आणि जिता हाय म्हणून सांगितलंस का?" धोंडाबाईनं विचारलं.

गेणूनं नाही म्हणून मान हलवली. "सांगणारच हुतो. तेवढ्यात ती म्हणाली, माजा भाऊ जिता असता तर एकदा तरी आला असता की. मग माजी जीभच उचलली न्हाय."

चौदा वर्षांपूर्वीचं रडणं आजच्या कावळ्याला चालतं का, असा प्रश्न धोंडाबाईला पडला होता, पण तिनं तो गिळला. सावळाराम उठला, दारं बघायला म्हणून पाटाच्या कडेनं निघून गेला. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "बग की. हितं मी जिता हाय, तर कुणाला पत्ता न्हाय. तितं मेलोय, तर दर साल माज्यासाठी खीर शिजती. मग मी खरा हितं का तितं?"

भादवा आला तशी त्यानं रजा घेतली. पाटाच्या कडेकडेनं इंदापुरापर्यंत आणि पुढं बावड्याला चालत गेला. आता सांगून टाकायचं, पायावर डोकं ठेवायचं, असं ठरवूनच गेला होता.

अंगणात प्रयागबाई बसली होती. पिकलेली, डोळ्यांत मोतीबिंदू, समोरचं माणूस सावलीसारखं दिसणारी. सून सारजा माळवदावर उभी राहून काव काव करून दमली होती. "कोण हाय?" म्हातारीनं विचारलं.

ज्या बाईनं त्याला मेलेला समजून इतकी वर्षं जेवू घातलं, तिला काय सांगायचं? जिता होतो, पण आलो नाही? त्याच्या तोंडून निघालं, "वाटसरू हाय."

"मग बस बाबा पानावर," ती म्हणाली. "कावळा काय येत न्हाय. तूच बस माज्या भावाचा पितर म्हणून."

म्हाळाला असा एखादा माणूस पितर म्हणून पानावर बसवायची रीतच आहे. सावळाराम स्वतःच्या नावाच्या पानावर बसला. खीर खाल्ली, खरवड बोटानं निपटून खाल्ली, आणि हळूच विचारलं, "आणि हाय का जरा?" म्हातारीनं चाचपडत पातेलं ओढलं आणि उरलेली सगळी खरवड त्याच्या पानात घातली. मग पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "पोचलं आज." तिला रडताना बघून त्यानं आपलं पान उचललं. हात धुऊन तो निघाला.

पुढल्या साली तो परत गेला. जाणं भागच होतं, कारण तो जिवंत असेतो तो घास कावळा घेणार नाही, अशी त्याची खात्री झाली होती. मला विचाराल तर माळवदावर मांजर बसलं असेल तर कावळा येत नाही, त्यात पितराचा काय संबंध? पण सावळारामला हे ऐकवायची सोय नव्हती. दर भादव्यात तो धोतर धुवायचा, बावड्याला जायचा, वाटसरू म्हणून जेवायचा आणि यायचा. म्हातारी पाव्हणा आला का म्हणून वाट बघायची. पान वाढायची, गावाकडं पाऊसपाणी कसंय विचारायची. नाव मात्र तिनं कधी विचारलं नाही. आणि गंमत अशी, की कसा हायेस म्हटल्यावर आता तो चटकन म्हणायचा, "हाय की."

अडतीस साली आषाढात त्याला ताप भरला आणि तो गेला. कावळ्यानं सहा वर्षं दम धरला म्हणायचा. गेणू उशाशी होता. त्याला सावळारामनं बजावलं होतं, "आक्काला कळवू नगंस. तिचं रडून झालंय." चार माणसं आम्ही होतो. धोंडाबाई आधीच गेली होती. रडलं कुणी नाही, उगाच कशाला खोटं सांगू? सगळ्यांना वाईट वाटलं, एवढंच.

भादवा आला आणि गेणूला राहवेना. त्या पानावर या साली कुणी बसायचं नाही, हे त्याला बघवेना. आपणच वाटसरू म्हणून जाऊन जेवावं, असं ठरवून तो बावड्याला गेला. वाटेत बैलाचा पाय मुरगळला आणि त्याला उशीर झाला. तो अंगणाच्या कुपाटीपाशी पोचला तेव्हा सारजा घास घेऊन माळवदावर चढली होती. तिनं पान खाली ठेवलं मात्र, हात मागं घ्यायच्या आत कावळा आला आणि घास घेऊन गेला.

"आत्याबाई!" सारजा वरूनच आनंदानं ओरडली. "घेतला! मामांचा घास घेतला कावळ्यानं!"

प्रयागबाईच्या हातातला तांब्या सुटला. तिनं विचारलं, "पाव्हणा आलाय का?"

"न्हाय, आज न्हाय आला."

म्हातारी होती तिथंच बसली आणि तिनं हंबरडा फोडला. असा, की शेजारपाजारच्या बाया हातातलं टाकून धावत आल्या. कोण गेलं, कोण गेलं, विचारायला लागल्या. सारजा माळवदावरून खाली आली.

"भाऊ गेला माजा," म्हातारी म्हणाली.

"अगं बाई, तो तर मानमोडीत गेला न्हवं?" एकीनं समजावलं. "वीस वर्सं झाली की."

"आता गेला," ती म्हणाली. "आता गेला गं माजा सावळा."

गेणू पुढं झाला. आपण कोण, कुठले, ते सांगितलं, आषाढातलं सगळं सांगितलं. मग न राहवून त्यानं विचारलं, "आक्का, तुमाला ठावं हुतं? कवापासनं?"

"पयल्याच वर्साला. खरवड मागून खाणारा वाटसरू दुसरा कोण असंल?"

"मग वळख का न्हाय दिली?"

म्हातारीनं डोळे पुसले, पण ते पुन्हा भरले. "वळख दिली असती तर लाजून गेला असता, फिरून आला नसता," ती म्हणाली. "मेलेला म्हणून तरी येत हुता."