मुकुंदकाकांचा टर्न

आमच्या रविवारच्या खेळाच्या टेबलावर किस्से घडवावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. मुकुंदकाका यायला लागल्यापासून तर विचारूच नका.

काका आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीतले, पक्के बोर्ड गेमवाले. कपाट भरून खेळ. त्यांची हक्काची पार्टनर म्हणजे लेक श्रुती. ती नोकरीला जर्मनीत गेली आणि आता तिकडेच राहायचं म्हणते. काका रोज फोनवर "परत ये" म्हणतात आणि रोज भांडण होतं. शेवटी तिनेच मला मेसेज केला, "दादा, बाबांना तुमच्यात घ्या ना. नाहीतर आमचं बोलणंच बंद होईल." मला वाईट वाटलं, दोघांचंही.

आमचा खेळ रोलप्लेइंगचा. माझी बायको प्राजक्ता गोष्ट सांगते. आपण त्यातलं एक पात्र व्हायचं, काय करणार ते बोलायचं, आणि जमतं की नाही ते फासा ठरवतो.

*

पहिल्या दिवशी काका टेबलावर पसरायला धुतलेली चादर घेऊन आले. "बोर्ड कुठाय?"

"बोर्ड नसतो काका. सगळं डोक्यात."

त्यांनी चादर परत पिशवीत ठेवली. "मग सोंगटी हरवली तर शोधायची कुठे?"

*

त्या दिवशी काका तासभर गप्प. आम्ही जंगल पार केलं, लांडगे पळवले, काका फासा मुठीत धरून बसलेले. मला वाटलं, कंटाळले. प्राजक्ताने विचारलं तर म्हणाले, "माझ्या टर्नची वाट बघतोय. मध्येच बोलणं म्हणजे चीटिंग."

इथे ज्याला सुचेल त्याने बोलायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

*

योद्धा व्हा, जादूगार व्हा म्हटल्यावर काका झाले द्राक्षांचे व्यापारी. शस्त्र? द्राक्षं काढायची कात्री.

पुढे पुलावर राक्षस आडवा आला. आम्ही तलवारी उपसल्या. काकांनी राक्षसाला विचारलं, "पावसाळ्यात पुलाखाली पाणी भरत असेल ना हो तुमच्या?" राक्षस, म्हणजे प्राजक्ता, अर्धा तास घरची रडगाणी सांगत बसला. शेवटी त्यानेच आम्हाला पलीकडे सोडलं. वर म्हणाला, "येत जा."

*

खेळ संपला की काकांचा एकच प्रश्न, "जिंकलं कोण?"

"कुणीच नाही," हे उत्तर त्यांना झेपेना. मग ते स्वतःच सगळ्यांना गुण द्यायला लागले. त्यांच्याच हिशोबाने राक्षस पहिला आला, तेव्हा थांबले.

*

आता गेल्या रविवारचा. गावाच्या वेशीवर एक म्हातारा भेटला, आवाज अर्थातच प्राजक्ताचा. "माझी लेक विद्या शिकायला जादूगाराच्या किल्ल्यात गेली, ती परत यायचं नाव घेत नाही. तिला घेऊन याल?"

मी टेबलाखालून प्राजक्ताला पाय मारला. तिने लक्षच दिलं नाही.

काकांनी हातातला फासा खाली ठेवला. मग म्हणाले, "आणत नाही, आजोबा. बरं चाललंय का, तेवढं विचारून येतो."

"आणि तिने दारच उघडलं नाही तर?" प्राजक्ताने विचारलं.

"तर चिवड्याचा डबा दारात ठेवून येतो," काका म्हणाले. "किल्ल्यात कुठे मिळणार?"