ड्रॅगन परत येतोय म्हणे

एखादी गोष्ट बंद पडली की तिचे किस्से वाढायला लागतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. एरंडोलजवळ हायवेला लागून आमचं पार्क होतं. ते बंद झालं तेव्हा तिथल्या ड्रॅगनचे किस्से मोजून दहा-बारा होते. आता आम्ही जुनी मंडळी चहाला बसलो की तीस-चाळीस तरी निघतात. त्यातल्या निम्म्यांवर माझा संशय आहे, आणि त्या निम्म्यांतले काही मीच सांगितलेले आहेत.

संशय हा माझा स्वभाव नाही, ती माझी नोकरी होती. ड्रॅगन म्हणजे रुळांवरून चढत-उतरत फिरणारी आठ डब्यांची गाडी. तिच्या फाटकावर मी काठी घेऊन उभा असायचो. काठीवर लाल पट्टी. डोकं पट्टीच्या वर गेलं तरच आत. शिवाय कोण पिऊन आलंय, कोणाला दिवस गेलेत, कोण आत्ताच दोन थाळ्या जेवून आलंय, हे तोंडाकडे बघून ओळखायचं. बारा वर्षं हे केल्यावर आता बायकोने 'साखर घातलीय' म्हटलं तरी मी चहा चाखून बघतो.

* * *

एकदा साक्रीकडचे एक आबा नातवंडं घेऊन आले. पाचही नातवंडं पट्टीच्या वर गेली. शेवटी आबा स्वतः काठीला पाठ लावून उभे राहिले, आणि दोन बोटं कमी भरले.

मी म्हटलं, "आबा, तुम्हाला नाही बसता येणार."

"मी पंधरा वर्षं सरपंच व्हतू," आबा म्हणाले.

"पण उंची..."

"टोपी धरीसन मोज."

टोपी धरून मोजलं. टोपीची नोक पट्टीच्या बरोबर वर गेली. मी म्हटलं, टोपीला बसवतो, तुम्ही बाहेर थांबा. आबांनी खरोखरच टोपी थोरल्या नातवाच्या डोक्यावर ठेवली आणि बाकावर जाऊन बसले. गाडी चार फेऱ्या फिरली, तेवढा वेळ ते माझ्याकडे बघत होते. जाताना म्हणाले, "तुन्हा गाव कोनतं?"

मी अजून त्यांना गाव सांगितलेलं नाही.

* * *

ड्रॅगन रंगवला होता धुळ्याच्या एका पेंटरने. त्याने आयुष्यभर ट्रकच्या मागे मोर आणि कमळं काढलेली. ड्रॅगन त्याने कुठे बघितला असणार? त्यामुळे पंख केळीच्या पानांसारखे झाले आणि तोंड मगरीचं झालं.

पारोळ्याच्या एक बाई गाडीत बसल्या, मांडीवर अडकवायचा लोखंडी दांडा खाली आला, आणि त्यांनी मला हाक मारली.

"भाऊ, हाई मगर शे ना?"

"ड्रॅगन आहे, अक्का."

"मंग ड्रॅगन कशी ऱ्हास?"

मी म्हटलं, "अशीच असते."

बाई म्हणाल्या, "तुले माहीत नही, रंगारीले माहीत नही, मंग चालवनाराले तरी माहीत शे का? उतार माले."

उतरवलं. त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

* * *

फाटकाजवळच्या खिडकीत सुशीलाअक्का बसायच्या. चष्मे, चपला, पाकिटं, जे पडण्यासारखं आहे ते त्यांच्याकडे ठेवून जायचं. एका नानांनी कवळी ठेवली. फेरी संपल्यावर परत घेतली, तोंडात घातली आणि लगेच बाहेर काढली.

"ही माझी नाही."

"नाना, आज दिवसभरात एकच कवळी आलीय," अक्का म्हणाल्या.

"मग बसत का नाही?"

नानांनी ती उन्हात धरून बघितली. रांगेतल्या लोकांना दाखवली. दोघा-तिघांनी, ही बदललेलीच असणार, असं मतही दिलं. अक्का शांतपणे खिडकीबाहेर आल्या आणि म्हणाल्या, "नाना, आधी दांडा सोडल्यासारखं करा. तुम्ही अजून जबडा आवळून धरलाय."

नानांनी जबडा सोडला. कवळी बसली. तरी जाताना ते म्हणालेच, की आधी जास्त पांढरी होती.

* * *

आता बापूंचं सांगतो. ड्रॅगन चालवायचे ते बापू. आधी ते जळगावला कापसाच्या जिनिंगमध्ये होते. तिथे धुळीत काही दिसत नाही, त्यामुळे मशीन कानांनी सांभाळायची सवय लागलेली. इथेही तेच. गाडी सुरू केली की बापू स्टुलावर बसून डोळे मिटायचे. एकदा मध्येच उठून म्हणाले, "चौथा डबाखाले काहीतरी शे." बघितलं तर केसांची पिन अडकलेली. मालक आठवडाभर विचारत होते, की ती पिन बापूंनीच ठेवली नव्हती ना.

मग तो दिवस आला. गाडी चढावर होती. चढावर तिला साखळी ओढते, आणि बटण दाबलं की ती जागीच अडकून राहते. बापूंनी लाल बटण दाबलं. म्हणाले, "माले साखळीमा आवाज उना." पुन्हा गाडी सुरू करायला त्यांनी साफ नकार दिला. बाजूच्या लोखंडी पायऱ्यांवरून आम्ही बावीस माणसं एकेक करून खाली आणली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही.

पण कोणीतरी मोबाईलवर शूटिंग करत होतं. त्यात बापू दिसले. स्टुलावर, डोळे मिटून.

बाहेरून एक इंजिनिअर साहेब आले, त्यांनी तासाभरात रिपोर्ट दिला : यंत्रात दोष नाही, चालक झोपलेला होता. ड्रॅगन बंद झाला, त्याच्यामागे पार्कही. खरं सांगायचं तर मीही मनातल्या मनात त्या रिपोर्टवर सही केली होती. मी दहा पावलांवर उभा होतो आणि मला काही ऐकू आलं नव्हतं.

* * *

त्यानंतर बापूंचं झोपवाले बापू झालं. चाळीसगावला एका लग्नात कोणीतरी म्हणालं, "बापूले सोफावर बसाडू नका, अक्षता पडतीन तवय जागं कोन करी?" अख्खा मांडव हसला. मीही हसलो, आणि बापूंनी मला हसताना बघितलं. ते न जेवता निघून गेले. पुढे त्यांनी लग्नांना जाणंच सोडलं. मला त्या हसण्याची अजून लाज वाटते.

चहाला मात्र यायचे. ड्रॅगनचे बाकीचे सगळे किस्से ऐकायचे, हसायचे. शेवटी एकच वाक्य बोलायचे : "मी झोपेल नव्हतू." आम्ही 'हो बापू' म्हणायचो. आमचं ते 'हो' त्यांना चांगलं कळायचं.

* * *

यंदा सुशीलाअक्कांनी बातमी आणली. धुळ्याच्या बायपासला त्यांनी एक ट्रक बघितला होता. वर ताडपत्री, आणि ताडपत्रीतून बाहेर आलेलं मगरीचं नाक.

"आपलाच आहे," अक्का म्हणाल्या. "नाकपुडीला चुना मीच लावला होता."

आठ दिवसांत नव्या मालकाचा, एका तरुण शेठचा, निरोप आला. पार्क पुन्हा सुरू करतोय, जुनी माणसं हवीत, बापूंनी उद्घाटनाला ड्रॅगन चालवायचा. मला लगेच वास आला. झोपवाले बापू फेसबुकवर फुकटात जाहिरात करून देणार, दुसरं काय? मी बापूंना जाऊ नका म्हणून सांगितलं.

बापूंनी शेठला फोनवर एकच विचारलं. "तपासाले कोन येई राहिना?"

शेठ म्हणाले, तेच इंजिनिअर साहेब, मागच्या वेळचे.

"ते पुढला डबामा बसतीन ना?"

"बसतील की. फोटो चांगला येईल."

"मंग येस मी," बापू म्हणाले, आणि त्यांनी दाढी करायला न्हाव्याला बोलावलं.

* * *

उद्घाटनाच्या दिवशी भर दुपारी सगळे जमले. वाळूची पोती ठेवून दहा फेऱ्या झाल्या, गाडी लोण्यासारखी फिरली. साहेब हार घालून पुढच्या डब्यात बसले. दांडा मीच खाली केला. शूटिंगवाला तयार होता. बापू स्टुलावर बसले आणि त्यांनी डोळे मिटले. गर्दीत खसखस पिकली.

पहिली फेरी झाली. दुसरी झाली. तिसऱ्या फेरीला गाडी चढावर गेली आणि बापूंनी लाल बटण दाबलं.

शेठ धावत आले. "काय झालं?"

"आवाज उना."

"कोणाला आला? मला नाही आला." शेठने अक्कांकडे बघितलं, अक्कांनी आभाळाकडे. माझ्याकडे बघितलं, मी काठीकडे. मग शेठने वर ओरडून विचारलं, "साहेब, आवाज आला का काही?"

"नाही! काही नाही! चालू करा!"

बापूंनी नाही म्हणून मान हलवली आणि माठातलं पाणी प्यायला गेले. सावकाश प्याले. परत येऊन बसले. उन्हाने लोखंड तापलं होतं. साहेब एकदा डावीकडे सरकले, एकदा उजवीकडे. दांड्याला रुमाल गुंडाळून बघितला. दांडा बाहेरूनच उघडतो, आणि पायऱ्या चढून तो उघडायला मी काही गेलो नाही. दहा मिनिटं गेली असतील.

"बापू!" वरून हाक आली.

"जी, सायेब."

"आला होता! बारीक आला होता!"

"कुठून उना?"

"साखळीतून! खालून!"

बापूंनी शूटिंगवाल्याकडे बघितलं. "चालू शे ना ते?" तो म्हणाला, चालू आहे. मग बापू पुन्हा वर बघून म्हणाले, "जरा मोठ्यानं, सायेब. लोकं मागे बी उभा शेतस. तवय बी असाच उना व्हता ना?"

"असाच! तेव्हाही असाच आला असणार! तुम्ही झोपला नव्हता, बापू! आता खाली घ्या!"

बापूंनी लगेच हिरवं बटण दाबलं. गाडी चढ चढून, पूर्ण फेरी मारून, गुपचूप खाली येऊन थांबली. मी दांडा उचलला. साहेब थेट आपल्या मोटारीकडे गेले, शेठ त्यांच्यामागे.

गर्दी पांगल्यावर मी बापूंच्या स्टुलाजवळ जाऊन हळूच विचारलं, "बापू, खरं सांगा. आवाज आला होता का?"

बापू हात पुसत होते. म्हणाले, "कोनता? तवयना का आतेना?"