आमच्या घरातला सौदी

माझा धाकटा भाऊ सौदी अरेबियाचा आहे, असं अमेरिकन सरकारचं म्हणणं आहे. मी भारताची. दोघांचे आईबाप एक, दोघंही रियाधमधल्या एकाच फ्लॅटमध्ये वाढलो, एकाच ताटातली खिचडी खाल्ली. त्याला सौदीतलं काय आठवतं विचाराल तर आंब्याच्या ज्यूसचं छोटं खोकं आणि त्याची वाकडी स्ट्रॉ, संपलं. मी तिथून निघाले तेव्हा तेरा वर्षांची होते. अख्खी गल्ली मला आजही पाठ आहे. पण माझा जन्म सांगलीचा आणि त्याचा रियाधचा, आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत माणूस कुठे जन्मला तेवढंच बघतात. कुठे वाढला, पासपोर्ट कुठला, घरी काय बोलतो, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही.

भारतात जन्मलेल्यांची रांग इतकी लांब आहे की तिच्यात लोक म्हातारे होतात. सौदीत जन्मलेल्यांची रांग नाहीच म्हटलं तरी चालेल. भाऊ माझ्यानंतर पाच वर्षांनी अमेरिकेत आला आणि दोन वर्षांच्या आत कार्ड घेऊन मोकळा झाला. त्याची बायको नाशिकची, पण नवऱ्याच्या जन्माच्या जोरावर तिलाही मिळालं. माझा नवरा मिरजेचा. सांगलीला मिरज जोडली की काय होतं ते सांगायला नको.

तर माझा जन्म सांगलीत का झाला? कारण पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. एवढंच कारण. बाबा तेव्हा रियाधला एका बांधकाम कंपनीत इंजिनियर होते, आई त्यांच्याबरोबर होती, घराजवळ चांगलं हॉस्पिटल होतं. पण सातवा लागला आणि आजीचं सुरू झालं की लेकीला पाठवा. आई विमानात बसली, सांगलीला आली, मी झाले, आणि चार महिन्यांनी मला घेऊन ती परत रियाधला गेली. दुसरं बाळंतपण माहेरी करायची कुणाला घाई नसते. म्हणून भाऊ तिथे झाला.

तो झाला ते दिवस मला चांगले आठवतात. आमच्या खालच्या मजल्यावर एक सुदानी काकू राहायच्या. उंच, काळ्यासावळ्या, मोठ्याने हसणाऱ्या. आईला एकटीला कसं जमणार म्हणून त्यांनी मला आपल्या घरी ठेवून घेतलं आणि आईसाठी रोज मेथीचं काहीतरी गरम गरम करून आणलं. आई आधी नाक मुरडत होती. मग वास घेतला आणि म्हणाली, अगं, ही तर आपली मेथीच. पुढे दोघी एकमेकींची भाषा न येता तासन्‌तास गप्पा मारायच्या.

ती बिल्डिंग म्हणजे एक गंमतच होती. समोर इजिप्तचे मास्तर, वरती केरळची नर्स आणि तिचा नवरा, कोपऱ्यावर येमेनी दुकानदार, टॅक्सीवाला पेशावरचा, बाबांच्या साइटवर कोरियन. खुद्द सौदी माणूस मला लहानपणी फक्त मोठ्या गाडीच्या काचेतून दिसायचा. शुक्रवारी संध्याकाळी बाबा मला बाजारात न्यायचे आणि आमचा एक खेळ चालायचा. येणाऱ्या माणसाच्या चपला आणि चालण्यावरून तो कुठला ते ओळखायचं. मी बहुतेक वेळा जिंकायची. बाबा म्हणायचे, ज्यांचा हा देश आहे ते सोडून सगळे इथे दिसतात बघ.

आणि दिसायचे ते सगळे पुरुष. हे मला फार उशिरा कळलं, तेव्हा तेच नेहमीचं वाटायचं. रस्ताभर नुसते पुरुष, तेही एकटे, ज्यांची बायकापोरं दुसऱ्याच कुठल्या तरी देशात. संध्याकाळी फोनच्या बूथपाशी त्यांची ही मोठी गर्दी. बायका घरात. आईला गाडी चालवायची मुभा नव्हती, एकटीने बाहेर पडायची नव्हती, बाबांच्या सहीशिवाय देशाबाहेर जायची नव्हती. सगळं बाबांच्या नावावर. ओळखीचं पुस्तक, म्हणजे परदेश्यांचा तिथे राहायचा परवाना, मुसलमानांना हिरवं आणि आम्हाला तपकिरी. माझा भाऊ त्या देशात जन्मला, पण त्यांनी त्याला एक दिवसही आपला म्हटलं नाही, त्याचंही नाव बाबांच्या तपकिरी पुस्तकात चढलं. तो सौदी झाला तो न्यू जर्सीत येऊन.

हे सगळं मी पूर्वी पार्टीत हसत सांगायची. लोक पोट धरून हसायचे. गेल्या वर्षीपासून सांगणं बंद केलं, कारण माझ्या मुलीला वीस पूर्ण झाली.

ती पुण्याला जन्मली आणि दोन वर्षांची असताना आमच्याबरोबर इथे आली. वेस्ट विंडसरच्या शाळेत शिकली, ॲन आर्बरला कॉलेज केलं, हुशार म्हणून तीन वर्षांत संपवलं. ती आमच्या व्हिसावर आहे. तिला नोकरी करता येत नाही, साधं आइस्क्रीमच्या दुकानात उभं राहता येत नाही. आणि एकविसाव्या वाढदिवसापर्यंत आम्हाला कार्ड मिळालं नाही तर ती आमच्या व्हिसावरून आपोआप गळते. मुलांचं वय कमी धरायचा काहीतरी हिशेब असतो, तोही आम्हाला पुरला नाही. वकीलबाई म्हणाल्या, तिने बाहेर जाऊन पुढच्या शिक्षणाचा व्हिसा मागावा. तिथल्या ऑफिसरला पटवायचं की मी शिकून माझ्या देशात परत जाईन. तिचा देश कुठला? तिला पुण्यात रिक्षा थांबवता येत नाही.

व्हिसा नाकारला तर, असं मी विचारलं. वकीलबाई म्हणाल्या, लेट्स नॉट गो देअर. त्यांचं काय जातंय, आम्ही रोज तिथेच जात होतो.

माझी तगमग कुणाला कळणार? सकाळी ऑफिसला ड्राइव्ह करताना सिग्नलला रडायचं, पार्किंगमध्ये तोंड पुसायचं आणि मीटिंगला हसत बसायचं. नवऱ्याशी मी वर्षभर धड बोलले नाही. तो बिचारा म्हणायचा, काहीतरी होईल. मी म्हणायची, मिरजेत जन्मलेल्याने गप्प बसावं. त्याचा काय दोष? पण कुणावर तरी काढायचं असतं.

अशात आई सहा महिन्यांसाठी आली. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली, ती पुण्यात एकटी असते. तिला मी एवढंच सांगितलं होतं की कार्डाला वेळ लागतोय आणि एकविसाव्यानंतर मुलीला इथे राहणं अवघड आहे. भावाला लवकर मिळालं ते त्याचं नशीब. खरं कारण मी तिला कळू दिलं नव्हतं आणि भावालाही बजावलं होतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला कशाला सांगायचं की तू बाळंतपणाला चुकीच्या गावी गेलीस?

उन्हाळ्यात एका रविवारी भावाकडे एडिसनला जेवायला गेलो. मुलीचा वाढदिवस सहा आठवड्यांवर आलेला. ओक ट्री रोडवरून आणलेली जिलबी मध्ये होती आणि कुणी तिला हात लावत नव्हतं. आईने विषय काढला. म्हणाली, मी विचार केला आहे, हिचं लग्न करून टाका. एखादा सिटिझन मुलगा बघा, आपल्यातला. झालं, प्रश्न मिटला.

माझी मुलगी आजीवर जीव टाकते. तिने चमचा खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "आजी, आय अ‍ॅम नॉट अ पार्सल."

"अगं, मी तुझ्या भल्यासाठी म्हणते."

"आय नो, आजी."

मला लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. रियाधमध्ये इजिप्तच्या मास्तरांनी मोठ्या मुलीचं अठराव्या वर्षी लग्न लावलं तेव्हा आईने घरी येऊन केवढं तोंड वाकडं केलं होतं. काय हे लोक, पोरीला शिकू तरी द्यायचं, असं. आणि आता न्यू जर्सीत बसून ती विसाव्या वर्षाची गोष्ट करत होती आणि मी तिला गप्प करत नव्हते. खरं सांगते, मी मनातल्या मनात ओळखीतली मुलं आठवून बघत होते.

मग आई भावाकडे वळली. "तूच कर रे काहीतरी. तुला कसं पटकन मिळालं? तू काय वेगळं केलंस?"

भाऊ फोनमध्ये डोकं घालून होता. त्याच्या तोंडून निघून गेलं, "मी कुठे काय केलं आई. माझा जन्म रियाधचा, ताईचा सांगलीचा. जन्म बघतात ना ते."

बोलल्यावर त्याच्या लक्षात आलं. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने मान खाली घातली. आई आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली.

"म्हणजे हिचा जन्म तिथे झाला असता तर हिलाही मिळालं असतं?"

नवऱ्याने उगीच पाणी ओतलं.

"म्हणजे मी माहेरी गेले म्हणून," आई म्हणाली.

"आई, असं काही नसतं गं. त्या वेळी कुणाला माहीत होतं?" मी म्हणाले. पण माझा आवाज मलाच खोटा वाटला, कारण कितीतरी वेळा मी हेच म्हटलं होतं, मनात, रागाने, तिच्यावर. तुला काय अडलं होतं तिथे बाळंत व्हायला. भावाच्या वेळी सुदानी काकूंनी केलं ना सगळं.

घरी येताना आई पुढच्या सीटवर बसली होती. रूट वनवर ट्रॅफिक होता. बराच वेळ ती पर्सची चेन उघडत आणि लावत होती. मग म्हणाली, "मला जायचंच नव्हतं. तुझ्या बाबांना सोडून जायचं जिवावर आलं होतं. पण पहिल्या खेपेला माहेरी नाही गेलं तर लोक म्हणतात, हिला माहेर नाही का?"

मी म्हटलं, "आई, पुरे."

"सबंध विमानात मी एकटी बाई. बाकी सगळे मजूर, सुट्टीला घरी निघालेले. माझं पोट बघून पुढचे तिघं उठले आणि मला आडवं व्हायला जागा करून दिली. स्वतः मुंबईपर्यंत इतरांच्या जागांवर आळीपाळीने बसले. एकाच्या बायकोला त्याच्या माघारी मूल झालं होतं, त्याने अजून बघितलं नव्हतं. मला सारखा विचारत होता, बाळ किती मोठं असेल हो आता?" पर्स बंद करून ती म्हणाली, "त्याला मी काय सांगणार होते? तेव्हा मला काही माहीत नव्हतं."

मागे मुलगी कानात इअरफोन घालून बसली होती. ऐकत होती की नाही कळलं नाही.

व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मुंबईची मिळाली, तीही वाढदिवसानंतरची. तोवर इथे थांबता येणार नव्हतं. आईने स्वतःचं तिकीट पुढे ढकलायच्या ऐवजी अलीकडे आणलं. म्हणाली, पोरीला एकटीला पाठवायचं नाही, मी नेते. मुलीने आपली खोली आवरली नाही, मुद्दामच. शाळेतली ट्रॉफी, भिंतीवरचे फोटो, खुर्चीवर पडलेला स्वेटर, सगळं तसंच ठेवून गेली. मीही हात लावलेला नाही.

नूअर्क एअरपोर्टवर आईसाठी व्हीलचेअर आली. मुलीने ढकलणाऱ्या माणसाला थँक यू म्हणून स्वतःच दांडा धरला. मला वाटलं होतं ती रडेल. ती म्हणाली, "मम्मा, आय विल बी फाइन. यू ईट प्रॉपरली." मीच तिच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडले, आजूबाजूचे लोक बघत होते तरी. नवरा पाठीवरून हात फिरवत राहिला. त्याचा हात मी झटकला नाही, वर्षभरात पहिल्यांदा.

आईने खुर्चीतून माझा हात ओढला. "इकडे बघ. तुला पोटात घेऊन तिथून निघाले तेव्हाही सगळे म्हणाले होते, काय होतंय कुणास ठाऊक. चार महिन्यांनी तुला कडेवर घेऊन परत गेलेच ना मी? हिलाही आणीन. घाबरू नकोस."

मी मान हलवली. तिला काय सांगू? ती परत जाऊ शकली कारण बाबांच्या तपकिरी पुस्तकात तिचं नाव होतं, आणि तेवढं पुरत होतं. आम्ही ज्या देशाला आयुष्यभर नावं ठेवली, जिथे बाईचं स्वतःचं काहीच नव्हतं, सगळं नवऱ्याच्या नावावर, त्या देशाने तिला आणि तिच्या चार महिन्यांच्या मुलीला त्या नावावर आत घेतलं होतं. इथे गाडी माझ्या नावावर आहे, घर माझ्या नावावर आहे, नोकरी माझी आहे. माझ्या नावावर माझी मुलगी परत येऊ शकत नाही.