दोन नावांची बाई

दुसऱ्यांनी केलेल्या सॉफ्टवेअरमध्ये खोट काढायची, हे माझं काम. पगार घेऊन. सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे घरी फुकट करतेस तेच." पटलं मला. दोन हजार साल उलटून गेलं होतं, आयटीत जायचं तर पुणं गाठा असं जो तो सांगत होता, आणि आम्ही मूठभर लोक नाशिकच्या इंदिरानगरात एका मेडिकलच्या दुकानावर बसून दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करत होतो.

काम दोन-दोन आठवड्यांच्या तुकड्यांत चालायचं. रोज सकाळी उभ्या उभ्या मीटिंग. बसलं की गप्पा लांबतात म्हणून उभं. प्रत्येक कामाची एक चिठ्ठी भिंतीवर. प्रोग्रामरनं कितीही छाती फुगवून "झालं" म्हटलं तरी मी तपासल्याशिवाय ती चिठ्ठी 'झालं'च्या रकान्यात जात नसे. या एका अधिकारावर मी फार खूश होते.

त्या पंधरवड्यात चिठ्ठी होती लाल पट्टीची. एका डॉक्टर नवरा-बायकोचे दोन दवाखाने होते, डॉक्टरांचा इंदिरानगरात, डॉक्टरबाईंचा सटाण्याला. पेशंटला एखादं औषध चालत नसेल, तर कुठल्याही दवाखान्यात त्याचं नाव टाकताच स्क्रीनवर लाल पट्टी यायला हवी होती. ही पट्टी माझ्या अगदी जिवाची. कारण लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्या इंदिरानगरच्या दवाखान्यात पेनिसिलीनच्या इंजेक्शननं माझा गळा सुजला आणि श्वास बंद होत आला. "पुन्हा हे घेतलंत तर वाचाल असं सांगता येत नाही," डॉक्टरांनी बजावलं होतं. आईला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. तिनं लगेच सटाण्याहून एसटी पकडली असती. आणि आता मला तिसरा महिना होता.

आमचा प्रोग्रामर रोज मनमाडहून रेल्वेनं ये-जा करायचा. पोरगा हुशार, पण घाई फार. त्यानं पट्टी करून दाखवली. झकास! नाव टाकलं की लाल. मी त्याचे नमुन्याचे पेशंट बघितले, तर सगळे त्याचे कॉलेजचे मित्र. सगळे बाप्ये! बाप्यांना काय, एकच नाव जन्मभर पुरतं.

मग डॉक्टरांकडून आलेल्या खऱ्या नोंदींवर मी माझं सासरचं नाव टाकून बघितलं. लाल. मग माहेरचं टाकलं. स्क्रीन स्वच्छ, 'नवीन पेशंट'.

अगं बाई! लग्नात माझ्या वडलांचं नाव आणि आडनाव तर गेलंच होतं, पण सासरच्यांच्या हौसेनं ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नावही लिहिलं गेलं होतं. त्या कम्प्युटरच्या लेखी मी माझीच कुणी लागत नव्हते. आणि पहिलं बाळंतपण म्हणजे माहेरी. तिथं दवाखान्यात नाव सांगणार आई, आणि आईच्या तोंडात दुसरं नाव येणार कुठून? म्हणजे ज्या दिवशी पट्टी सगळ्यात जास्त हवी, त्याच दिवशी ती गप्प बसणार.

दुसऱ्या दिवशी उभ्या मीटिंगमध्ये मी बसून घेतलं आणि भांडले.

"मॅडम, असं कितीजणींचं होत असेल?" मनमाडकर म्हणाला.

"निम्म्या जिल्ह्याचं! तुझ्या आईचं माहेरचं नाव काय रे?"

त्याला सांगता येईना. शेवटी तोडगा त्यानंच काढला: नाव बदलतं, जन्मतारीख नाही. तारीख जुळली की स्क्रीननं थांबायचं आणि विचारायचं, ही तीच बाई आहे का, दुसरं नाव विचारा. उत्तर मिळेपर्यंत पुढं सरकायचं नाही.

"पण तारखा बऱ्याचजणींच्या जुळतात. रिसेप्शनवरची बाई वैतागेल हो," तो म्हणाला.

"वैतागू दे!" मी म्हटलं, आणि चिठ्ठी भिंतीवरून काढून पर्समध्ये टाकली. करून दे, मग मिळेल.

त्यानं केलं. वर आम्ही दोघांनी मिळून एक खोटी बाई तयार केली. कुणीही प्रोग्राममध्ये काहीही बदललं, की मशीन आपोआप त्या बाईला नाशिकच्या दवाखान्यात नेई, औषधाची नोंद करी, मग तिला दुसऱ्या नावानं सटाण्याला पाठवी आणि पट्टी लाल होते का बघे. दिवसातून कितीदा तरी ती बिचारी माहेरपणाला जायची. एकदा कुणीतरी पेशंट शोधणं वेगवान करायला गेलं, तर तिची पट्टी आलीच नाही, चूक दाखवणारा कोपऱ्यातला मॉनिटर पेटला आणि मनमाडकरच ओरडला, "दोन नावांची बाई पडली!" हातातला चहा तसाच ठेवून त्यानं आधी तिला उभं केलं. जी बाई जगात नाही, तिची एवढी काळजी!

नववा लागला तशी मी सटाण्याला गेले. दवाखान्यात नाव घालायला जाऊ तेव्हा सांगू, म्हणून पेनिसिलीनचं आईला अजून सांगितलं नव्हतं. त्याआधीच एका सकाळी कळा सुरू होऊन पाणी गेलं. आई मला घेऊन डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात धावली. मला आत घेतलं, आई बाहेर काउंटरवर नाव, जन्मतारीख सांगायला. डॉक्टरबाई दुसऱ्या बाळंतिणीपाशी अडकल्या होत्या. पाणी गेलंय, नेहमीचं इंजेक्शन देऊन ठेवा, असं त्यांनी तिथूनच सांगितलं. नर्सनं दारातून आईला विचारलं, "काही औषध चालत नाही असं आहे का?"

"छे! कधी साधी शिंकली नाही," आई म्हणाली.

नर्स ट्रे घेऊन माझ्याजवळ आली. सिरिंजमध्ये काय आहे, हे विचारायचं भान मला नव्हतं. पगार घेऊन खोट काढणारी मी, तेव्हा गुरासारखी हंबरत होते. नर्सनं दंडावर कापूस फिरवला. आणि बाहेरून आवाज आला, "काय मेलं हे सॉफ्टवेअर! पुढं सरकतच नाही. मावशी, हिचं सासरचं नाव काय?"

"ते कशाला? मन्ही पोर शे!" आई अहिराणीत उसळली, पोर माझी आहे म्हणून.

"अहो, सांगा ना. हे विचारतंय."

आईनं नाव सांगितलं. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि ती रिसेप्शनवरची बाई चपला टाकून आत धावत आली. "सिस्टर, थांबा! पेनिसिलीन द्यायचं नाही हिला!"

कापसाचा गारवा अजून दंडावर होता. मनमाडकर तिथं नव्हता, मी असून नसल्यासारखी होते. तरी इंदिरानगरातल्या एका साध्या सकाळी दोघांनी तावातावानं भांडून ठरवलेलं ते दारात उभं होतं, सांगितल्यासारखं, हलायला तयार नव्हतं. देवाचं नाव घ्यायची वेळ होती, पण मला आठवली ती आमची खोटी बाई. माझ्या आधी कितीदा ती इथं येऊन गेली होती.

मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी ती रिसेप्शनवरची बाई बाळ बघायला आली. गाल ओढून झाला, काजळाची तीट लावून झाली. मग म्हणाली, "पण काही म्हणा, ते सारखं विचारणं फार वैताग आणतं हो."

"वैतागू दे," मी म्हटलं, आणि हमसून हमसून रडायला लागले.