अक्कांचा माळढोक

अक्कांचं बोट माझ्या दुर्बिणीच्या आधी पोहोचायचं. मी काच पुसून डोळ्याला लावेपर्यंत "त्यो बघ, बाभळीवर" म्हणून त्या मोकळ्या. नाव मात्र क्वचितच बरोबर यायचं. धाविकाला त्या 'पळपुट्या' म्हणत आणि शराटीला 'वाकडनाक्या'. नावं मी सांगायची. पक्षी दिसायचा तो त्यांना.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. माहेर वडूजकडचं, मेंढरं राखणाऱ्या घरातलं. मी सांगलीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. पक्ष्यांचं वेड या घरात आणलं मी, आणि दोन हिवाळ्यांत ते अक्कांच्या नावावर झालं. नदीकाठी फिरून आलो की सासूबाई मला चहा टाकायला सांगत आणि त्यांना विचारत, "आज काय काय बघितलंस गं?"

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आमच्याकडच्या पक्षिप्रेमी मंडळींनी स्पर्धा ठेवली. दोघादोघांच्या जोड्यांनी उजाडल्यापासून मावळेपर्यंत जास्तीत जास्त जातींचे पक्षी पाहायचे. दिसलेल्या प्रत्येक जातीमागे अमुक रुपये देऊ, असं ओळखीच्यांकडून आधीच कबूल करून घ्यायचं. जमतील ते पैसे माळरानावरचे पक्षी वाचवण्यासाठी. नियम एकच कडक होता: पक्षी जोडीतल्या दोघांनीही पाहिलेला हवा.

मी छापील पत्रकं घेऊन पेठेत फिरले. "बघू मॅडम," म्हणत लोकांनी ती गल्ल्याखाली सरकवली. अक्का रिकाम्या हातानं गेल्या. हळदीच्या अडत्याला म्हणाल्या, "आवं भाऊ, पाखरामागं दोनच रुपये मागतीय. रोज त्याच्या दुप्पट पान थुकता की तुमी." अडत्या हसत कबूल झाला, शेजारच्यालाही त्यानंच गळ घातली. माझ्या नवऱ्यानंसुद्धा आकडा सांगितला तो अक्कांना. मी जाब विचारला तर म्हणाला, "वहिनींनी आधी विचारलं." दोन दिवस मी त्याच्याशी धड बोलले नाही.

स्पर्धेच्या दिवशी कृष्णाकाठ उरकून आम्ही जीपनं वडूजपुढच्या माळावर गेलो. दुपारी मी जीपच्या सावलीत बसून बुटात शिरलेलं कुसळ काढत होते. अक्कांची दबकी हाक आली, "धाकटे, पळ! लय मोठा हाय!"

मी एका बुटानिशी धावले. उंचवट्यापलीकडे नुसतं वाळलेलं गवत हलत होतं.

"मान ताठ, पांढरी. डोक्यावर काळी टोपी. नवरदेवागत चालत गेला गं," अक्का म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती.

माळढोक! मी ज्याला फक्त पुस्तकात पाहिलं होतं, तो. ऊन कलेपर्यंत आम्ही माळ पालथा घातला. पुन्हा दिसला नाही.

संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये कळलं, साताऱ्याची एक जोडी आणि आम्ही बरोबरीत आहोत. बरोबरी राहिली तर आधी परतलेल्यांचा पहिला नंबर, आणि ते आधी आले होते. माळढोक धरला तर ढाल आमची. परीक्षक निवृत्त वनाधिकारी होते. त्यांनी अक्कांचं सगळं ऐकून घेतलं. "वर्णन चोख आहे. दोघींनी पाहिलात ना?"

मी तोंड उघडायच्या आत अक्का बोलल्या, "न्हाई. धाकटीनं न्हाई बगितला. धरू नका त्यो."

ढाल साताऱ्याला गेली आणि सगळा हॉल अक्कांभोवती जमला. अडत्यानं तर कबूल केल्यापेक्षा जास्तच दिलं. मी कोपऱ्यात चहाचा कप धरून उभी होते. पक्षीही त्यांचा, टाळ्याही त्यांच्या, आणि खरेपणासुद्धा त्यांचाच. मला काहीच उरलं नव्हतं.

परतताना जीपमध्ये त्या म्हणाल्या, "एकटीनं बघून काय करायचं गं? कुनीतरी म्हनाय पायजे की, व्हय, मी बी बगितला."

पुढे दर हिवाळ्यात त्या मला त्या माळावर ओढून नेत. "तुला दावल्याबिगर सुटका न्हाई," म्हणत. दरवर्षी गवत कमी आणि नांगरट जास्त दिसायची. माळढोक कधीच दिसला नाही.

मग आजारपणात अक्कांच्या आठवणी विस्कटल्या. मुलांची नावं चुकायची, पण भेटायला आलेल्या प्रत्येकाला त्या माळढोकाची गोष्ट सांगायच्या. "आमी दोघींनी बगितला. धाकटी माजा हात धरून हुबी हुती. रडायच लागली येडी." लोक माझ्याकडे बघायचे. मी म्हणायची, "व्हय अक्का."

अक्का गेल्या. मला वाटणारा त्यांचा हेवाही त्यांच्याबरोबर गेला. आता हेवा वाटतो तो त्यांच्या गोष्टीतल्या धाकटीचा, जी वेळेवर पोहोचली आणि अक्कांचा हात धरून पोटभर रडली.