भोपळ्याच्या डोळ्यातला ठिपका

हनुवटीरावांचा फोटो स्टुडिओ चौकातल्या औषधाच्या दुकानाच्या वर होता. जिना असा उभा की येणारं गिऱ्हाईक आधी धापा टाकत आत शिरायचं. त्याला स्टुलावर बसवायचं, घाम टिपायला लावायचा आणि मग म्हणायचं, "हनुवटी खाली. अजून खाली. एवढी नको, झोपलात का?" उभी हयात हेच म्हणण्यात गेली, तेव्हा लोक त्यांचं खरं नाव विसरले यात लोकांचा काही दोष नाही. बायको 'अहो' म्हणायची, बाकीच्या जगाला ते हनुवटीराव.

फोटो काढण्यापेक्षा त्यांचा खरा हात होता तो पुसण्यात. पूर्वी निगेटिव्हवर बारीक ब्रशने, आता संगणकावर माऊसने. फोड, डाग, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, कानातून डोकावणारे केस, सगळं साफ. गिऱ्हाइकाने सांगायची गरज नसे आणि 'नको' म्हणायची सोय नसे. एका गृहस्थाच्या कपाळावरचा व्रण त्यांनी असा गायब केला की सरकारी कचेरीने त्याचा अर्ज परत पाठवला, कारण ओळखीची खूण म्हणून नेमका तोच व्रण लिहिलेला. गृहस्थ तावातावाने जिना चढून आला. हनुवटीराव त्याला म्हणाले, "पण दिसताय किती छान!" आता अशा माणसाशी भांडणार तरी काय?

घरात माणसं दोनच, नवरा आणि बायको. म्हणून भोपळ्या नावाच्या बोक्याला हक्क होता तिसऱ्या माणसाचा, आणि तो वागायचा मात्र पहिल्या माणसासारखा. कुणा गिऱ्हाइकाच्या पिशवीतून तो स्टुडिओत उतरला होता. पिशवी आणि गिऱ्हाईक दोन्ही निघून गेली, हा राहिला. रंगाने नारिंगी, आकाराने गोल. दिवसभर खिडकीत पसरायचं आणि फोटोला आलेल्या माणसांना तुच्छतेने न्याहाळायचं, एवढंच त्याचं काम.

तर त्या भोपळ्याचा डावा डोळा एके दिवशी अर्धवट मिटलेला दिसला. बायकोने त्याला मांडीवर घेऊन पापणी वर केली. डोळ्यातून पाणी येत होतं, आणि बुबुळावर चहाचा थेंब वाळावा तसा एक तपकिरी ठिपका होता.

"अहो, हे बघा काय झालंय!"

"कचरा गेला असेल. फुंकर मार."

"तुम्हीच मारा. नख लागलं की मला सांगा."

शेवटी दोघं त्याला टोपलीत कोंबून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी बॅटरीने नीट पाहिलं आणि स्पष्टच सांगितलं, "ठिपका वरवर असला तर थेंबांवर भागेल. आत रुजत चालला असेल तर तो कापून काढावा लागतो, आणि उशीर झाला तर डोळाच जातो. यातलं कोणतं, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. माझं काम ताप, जंत आणि जखमा."

"मग?" बायकोचा आवाज एवढासा झाला.

"डोळ्यांचे डॉक्टर आहेत, पण लांबच्या शहरात. त्यांच्याकडे ही गर्दी असते. ते आधी फोटो मागवतात आणि फोटो बघून ठरवतात, कुणाला ताबडतोब बोलवायचं. तेव्हा डोळ्याचे स्पष्ट फोटो पाठवा. आणि हो, फोटो काढताना आधी..."

"बाई," हनुवटीराव मंद हसले, "फोटोचं तुम्ही मला सांगता?"

बाई गप्प बसल्या. बसायला नको होतं.

घरी येताच हनुवटीरावांनी निळा पडदा सोडला, दोन्ही दिवे लावले, उजेड पसरवणाऱ्या पांढऱ्या छत्र्या उघडल्या. भोपळ्याला स्टुलावर बसवलं. भोपळ्या उतरला. पुन्हा बसवलं. भोपळ्या पडद्यावर चढला आणि पडदा, दांडी आणि भोपळ्या तिघेही खाली आले. मग बायकोने त्याला टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि मागून घट्ट धरून ठेवलं.

"हनुवटी खाली," हनुवटीराव सवयीने म्हणाले.

"कुणाची?" बायको टॉवेलमागून ओरडली. "त्याला हनुवटी आहे का? अन् माझी काय खाली घालताय, मी चावून घेतेय इथे!"

त्या प्रखर दिव्यांत बोक्याच्या बाहुल्या बारीक रेघ होऊन बसल्या आणि दोन्ही डोळ्यांत पांढऱ्या छत्र्या चमकायला लागल्या. पण हनुवटीरावांना त्याचं काय? ते संगणकापुढे बसले. आधी छत्र्यांची चमक काढली. मग डोळ्याच्या कोपऱ्यातला चिकटा काढला, गालावरचा ओला डाग काढला. हात चालत राहिला. तोंडाने गुणगुणणं चालू होतं. शेवटी दोन्ही बुबुळं थोडी उजळली आणि फोटो पाठवून दिला. नोकरीच्या अर्जाला चिकटवला असता तर भोपळ्याला त्याच दिवशी बोलावणं आलं असतं, इतका सुरेख.

डोळ्यांच्या डॉक्टरांचा फोन आला. "फोटो पाहिला. डोळा अगदी निरोगी आहे. काहीही करायला नको. उगाच प्रवासाचा त्रास देऊ नका त्याला."

"बघ!" हनुवटीरावांनी फोन ठेवला. "उगाच जीव टांगणीला लावलास."

बायकोने भोपळ्याकडे पाहिलं. भोपळ्या एकाच डोळ्याने तिच्याकडे पाहत होता. दुसरा आता पुरता मिटलेला, आणि खालचे केस पाण्याने चिकटून बसलेले.

"हा डोळा निरोगी?"

"एवढे मोठे डॉक्टर म्हणतात."

"डॉक्टरांनी काय पाहिलं ते मला दाखवा."

दाखवलं. तिने चष्मा लावला, चष्मा काढला, पुसून परत लावला.

"ठिपका कुठाय?"

हनुवटीराव संगणकाच्या पडद्याकडे वाकले. मग खुर्चीत मागे झाले. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला तिने इतक्या वर्षांत प्रथमच पाहिला.

"काढला," ते म्हणाले.

"काढला?"

"म्हणजे... मुद्दाम नाही गं. डाग दिसला की हात जातो."

"अहो, त्या डागासाठीच तर फोटो काढला होता! माणसाचा पाय मोडला तर तुम्ही हाडाचा फोटोसुद्धा सरळ करून द्याल! आता डॉक्टर म्हणतात आणू नका, आणि इथे याचा डोळा चाललाय!"

ती रडत नव्हती, हेच वाईट होतं. रडली असती तर हनुवटीरावांना काहीतरी बोलता आलं असतं. तिने फोन त्यांच्यापुढे सरकवला. "लावा. अन् जे केलंत ते तस्संच सांगा. तिथे काही पुसू नका."

आयुष्यात हनुवटीरावांनी आपल्या फोटोबद्दल कुणाची माफी मागितली नव्हती. व्रणवाल्या गृहस्थाचीसुद्धा नाही. पण समोर एका डोळ्याने पाहणारा भोपळ्या होता. त्यांनी फोन लावला.

"डॉक्टर, मी त्या बोक्याचा... मघाशी तुम्ही म्हणालात डोळा चांगला आहे. तो चांगला नाही. चांगला मी केलाय."

पलीकडे डॉक्टरांनी तो फोटो पुन्हा उघडून पाहिला. मग डॉक्टर म्हणाले, "तुम्ही करता काय?"

"फोटो स्टुडिओ आहे."

"अस्सं! मग आता नीट ऐका आणि स्टुडिओ विसरा. फ्लॅश नको, दिवे नकोत. खिडकीपाशी बसा, बाजूने उजेड येऊ द्या. डोळा पुसू नका, पाणी, चिकटा सगळं मला दिसायला हवं. कॅमेरा तोंडाजवळ नेऊ नका, जवळ गेलं की नाक स्पष्ट येतं आणि डोळा पुसट. लांबून मोठं करून घ्या. एक समोरून, दोन्ही डोळे एकत्र, म्हणजे फरक कळेल. एक नुसत्या डाव्या डोळ्याचा. आणि एक अगदी बाजूने, ठिपका वर आलाय की आत गेलाय ते त्यातून समजतं. मला देखणा फोटो नको. जितका घाणेरडा, तितका चांगला."

डॉक्टरीणबाई नेमकं हेच सांगणार होत्या. असो.

बायको खिडकीपाशी बसली, भोपळ्या तिच्या मांडीवर. टॉवेल, स्टूल, पडदा काही नाही, त्यामुळे तोही शांत. तिने त्याच्या कानामागे खाजवत पापणी अलगद वर धरली. हनुवटीराव लांब उभे राहिले, श्वास रोखून. एक घेतला. दुसरा घेतला. तिसऱ्याच्या आधी त्यांचा हात आपोआप टेबलावरच्या कापसाकडे गेला, डोळा पुसायला.

"हात मागे!" बायको गरजली.

हात मागे गेला. तिसराही फोटो झाला. फोटो उघडून पाहिले तर भयंकर: चिकटा, ओले विस्कटलेले केस, लाल कडा आणि मध्ये तो तपकिरी ठिपका, चांगला आत रुतलेला. एका कोपऱ्यात बायकोची अर्धी मान आली होती, वळ्यांसकट.

"तुझी मान तेवढी..." हनुवटीराव चाचरले.

"माझ्या मानेला हात लावलात तर याद राखा. पाठवा!"

त्यांनी डोळे मिटून पाठवले. डॉक्टरांचं उत्तर चहा उकळायच्या आत आलं. "आत्ताच्या आत्ता निघा. उद्या सकाळी पहिलं काम याचंच."

बसमध्ये भोपळ्याने सगळ्या रस्ताभर असा गळा काढला की कंडक्टर तीनदा टोपलीत डोकावून गेला. सकाळी शस्त्रक्रिया झाली. बाहेर बाकावर हनुवटीराव हातांची बोटं एकमेकांत अडकवून बसले होते, जणू बोटं मोकळी सोडली तर काहीतरी पुसून ठेवतील. डॉक्टर बाहेर आले. ठिपका मुळासकट निघाला होता. अजून थोडा आत गेला असता तर डोळा वाचवता आला नसता, ते म्हणाले. हनुवटीरावांनी मान खाली घातली, हनुवटी छातीला टेकेपर्यंत, आणि बायकोने त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

घरी आल्यावर भोपळ्याच्या गळ्यात, डोळा खाजवू नये म्हणून, प्लास्टिकचा मोठा गळपट्टा होता, तो दारांना आपटत भोपळ्या घरभर फिरायचा. हनुवटीराव डॉक्टरांना नेमाने फोटो पाठवायचे: लाल डोळा, सुजलेला डोळा, पाणावलेला डोळा, एकाहून एक हिडीस. चौकातल्या औषधवाल्याला दाखवून ते अभिमानाने म्हणायचे, "काही केलेलं नाही हं यात." औषधवाला तोंड फिरवायचा.

मग सूज ओसरली, लाली गेली, पाणी थांबलं. एके दिवशी खिडकीपाशी घेतलेल्या फोटोत डोळा निव्वळ काचेसारखा लख्ख आला. हनुवटीरावांनी तो आनंदाने पाठवला. डॉक्टरांचा फोन लगेच आला.

"हे पुन्हा काय केलंत?"

"काही नाही हो! आईशप्पथ!"

"कोपऱ्यात जरासुद्धा लाली नाही?"

"नाहीये तर कुठून आणू?"

"ते काही नाही. बोक्याला घेऊन या. तुमच्या फोटोवर माझा विश्वास नाही."

काय करणार? पुन्हा टोपली, पुन्हा बस, पुन्हा ते गळा काढणं. डॉक्टरांनी भोपळ्याला टेबलावर घेतलं, बारीक झोत टाकून भिंगातून डोळा वरून पाहिला, बाजूने पाहिला, मग पुन्हा वरून.

"उत्तम," ते म्हणाले. "डोळा पूर्ण बरा झालाय."

"मग हे फोटोत नव्हतं का दिसत?" हनुवटीराव चिडून म्हणाले.

"स्पष्ट दिसत होतं. म्हणून तर बोलावलं."

बायको भिंतीला टेकून हसत सुटली, ती थांबेना. हनुवटीराव आधी फुगून बसले आणि मग त्यांनाही आवरेना. भोपळ्या मात्र टेबलावर बसून दोन्ही डोळे टक्क उघडे ठेवून तिघांकडे पाहत होता, आणि त्या नजरेत कुणाबद्दलही आदर नव्हता.