धोंडोपंतांचं एक्सीडिंग इंग्रजी

कापसाच्या हंगामात काम पुष्कळ, पण त्याहून जास्त वाट बघणं. गाड्या यायच्या, बैल सुटायचे, साहेब जेवायला जायचे. मग आम्ही कारकून गाठींवर बसून बोलत राहायचो. अमेरिकेत लढाई पेटली, तिथला कापूस थांबला आणि विलायतेला एकदम आमच्या वऱ्हाडी कापसाची आठवण झाली, तेव्हाची ही गोष्ट. अमरावतीच्या त्या इंग्रज पेढीवर जमलेल्या किश्शांपैकी निम्मे एकट्या धोंडोपंतांचे.

धोंडोपंत आमचे दुभाषी. मूळचे अकोल्याचे. इंग्रजी शिकले ते बाजारात मिळालेल्या एका जुन्या पुस्तकावरून. पुस्तक शंभरेक वर्षांपूर्वीचं, पहिली पानं फाटलेली. त्यात कुठलीच गोष्ट नुसती चांगली नव्हती. ती 'एक्सीडिंग गुड' असायची, म्हणजे अतिशय चांगली. पंतही तसंच बोलायचे.

साहेबांनी एकदा सुधारलं, "एक्सीडिंग नाही. एक्सीडिंगली."

पंतांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून साहेब 'एक्सीडिंग वेल' आणि त्यांच्या मडम 'एक्सीडिंगली वेल'. पंधरवड्यानं साहेबांनी वैतागून विचारलं, हा काय प्रकार?

पंत नम्रपणे म्हणाले, "साहेब, 'ली' बायकांना लावतात. आली, गेली, बसली."

*

रिद्धपूरकडचे संपत पाटील गाड्या घेऊन आले. साहेबांनी कापसात हात घातला, कचरा पाहिला आणि म्हणाले, "प्रिटी डर्टी." म्हणजे बराच मळका. पण पंतांच्या लेखी प्रिटी म्हणजे सुंदर.

"पाटील, साहेब म्हणतात, सुंदर घाण आहे."

मी कपाळाला हात लावला. पाटील मात्र खूश. "घान हाय हे मले बी मालूम हाय. सुंदर हाय हे पयल्यांदाच कोनी म्हनलं."

*

त्या खुशीत पाटील पुढच्या खेपेला साहेबांना म्हणाले, "सायेब, तुमी भलते चांगले मानूस हा."

साहेब पुण्याच्या मुनशीकडे थोडंसं मराठी शिकलेले. भलता म्हणजे चुकीचा, एवढंच त्यांना ठाऊक. ते लाल झाले. "मी चांगला की वाईट? एकच काय ते सांग म्हणावं."

पंत म्हणाले, "साहेब, तुम्ही मडमना 'ऑफुली गुड' म्हणता. ऑफुल म्हणजे तर भयंकर. इकडे भयंकर नाही, भलता म्हणतात."

साहेबांना ते पटलं. नवा शब्द वापरून बघायचा म्हणून पाटलांकडे वळून म्हणाले, "पाटील, तुमचा कापूस भलता सुंदर आहे."

पाटील म्हणाले, "मंग भाव साधाच काहून?"

*

मडमना मुलगा झाला. आम्ही सगळे बंगल्यावर बाळ बघायला गेलो. पंतांनी पाळण्यात वाकून पाहिलं आणि मनापासून म्हणाले, "ए मॉन्स्ट्रस हँडसम चाइल्ड."

त्यांच्या पुस्तकात मॉन्स्ट्रस म्हणजे फार. मडमच्या इंग्रजीत राक्षसासारखा. त्या रडत आत गेल्या. साहेबांनी पंतांना तिथल्या तिथे कामावरून काढलं. पंतांचा चेहरा पांढराफटक पडला. घरी दोन मुली लग्नाच्या होत्या. मी समजावायला गेलो, तर साहेबांनी मलाही दार दाखवलं.

आम्ही व्हरांड्यात पोचलो, तोच काठीचा आवाज आला. साहेबांच्या आत्याबाई. नुकत्याच विलायतेहून आलेल्या, ऐंशीच्या घरातल्या.

"बाळाला काय म्हणालास? पुन्हा म्हण."

पंतांनी घाबरत पुन्हा म्हटलं. म्हातारी खुर्चीत बसली. मग म्हणाली, "माझी आजी मला असंच म्हणायची. ती गेल्यावर हे कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं." तिनं डोळे पुसले, टोपी नीट केली आणि ताठ बसली. "आता मी कशी दिसते ते सांग."

साहेब दारात येऊन उभे होते. पंतांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा म्हातारीकडे.

"बाईसाहेब, नोकरी परत मिळाली तर मॉन्स्ट्रस हँडसम. नाही तर नुसत्याच हँडसम."